एक बाइट घे, एक बाइट ठेव

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण १६ पायाच्या संख्या शिकलो होतो. आठवतंय ना? नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग एकावर शून्य! त्या आकड्यांचा आज उपयोग होणार आहे, तेव्हा वही जवळ असू द्या.

वाईहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. दिवाळीच्या साफसफाईत तिच्या बाबांना माळ्यावरच्या खोक्यात त्यांचा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. दोन जॉयस्टिक, एक बंदूक आणि चार कॅसेट, त्यातली एक पिवळीधमक. यंत्र चक्क चालू झालं! आता घरात रोज रात्री जेवणानंतर सामने रंगतात. पण तिला एक गोष्ट खटकते. ती लिहिते, ‘एक पातळी संपली की पडदा क्षणभर एकदम काळा होतो आणि मग पुढची पातळी येते. बाबा म्हणतात, यंत्र जुनं झालंय. पण प्रत्येक वेळी बरोबर त्याच ठिकाणी काळा कसा होतो?’

शाब्बास! शास्त्रज्ञांनी विचारावा असा प्रश्न आहे हा. म्हातारं यंत्र कुठेही धापा टाकेल, नेमकं पातळी संपल्यावरच कशाला टाकेल? तेव्हा बाबा, माफ करा. यंत्र ठणठणीत आहे. त्या अंधारात ते एक मोठं काम उरकत असतं. कोणतं, तेच आज पाहू.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीनं फॅमिकॉम नावाचा व्हिडिओ गेम विकायला काढला. १९८५ मध्ये तोच नवं रूप घेऊन अमेरिकेत गेला. तिथं त्याला एनईएस म्हणतात. मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनीअरनं त्याची रचना केली. आपल्याकडे १९९० च्या दशकात घरोघर आले ते बहुतेक याचे जुळे भाऊ. नाव वेगळं, डबा वेगळा, पण आतली रचना तीच. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं आणि लावून पाहिलं की तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा! तुमच्या आईबाबांना विचारा, ते अजून त्या फसवणुकीवर चिडलेले असतील.

या यंत्राच्या मेंदूचं नाव ६५०२. ही चिप १९७५ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा तिची किंमत होती अवघी २५ डॉलर. फॅमिकॉममध्ये तिचीच एक आवृत्ती बसवली आहे. ती सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके मोजते. (हे मूळ जपानी आणि अमेरिकन यंत्राचे आकडे. आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं दाखवायचे, त्यामुळे इथल्या यंत्रांचे आकडे थोडे निराळे असतात.) आणि तिच्याकडे लिहायला-खोडायला स्मृती किती? फक्त २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट! तुमच्या पानभर निबंधातली अक्षरं मोजलीत तर साधारण तेवढीच भरतील. मारिओचा पहिला, १९८५ चा खेळ संपूर्णपणे ४० किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो याच्या पन्नास पटींनी मोठा असू शकतो.

या २०४८ बाइटांची आपण एक इमारत कल्पू या. आठ मजले, प्रत्येक मजल्यावर २५६ खोल्या. प्रत्येक खोलीत एकच आकडा राहतो, ० ते २५५ पैकी. खोलीचा पत्ता चार अंकी आणि अर्थातच १६ पायाचा. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे मजला, पुढचे दोन म्हणजे खोली. ०२०० म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची अगदी पहिली खोली, कारण आपण मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. ०२एफएफ म्हणजे त्याच मजल्यावरची शेवटची.

आता मेंदूला एका खोलीतला आकडा दुसऱ्या खोलीत हवाय. त्यानं काय करावं? ‘या खोलीतून त्या खोलीत ने’ अशी एकच आज्ञा त्याच्याकडे नाही! त्याला आधी आकडा स्वतःच्या हातात घ्यावा लागतो आणि मग दुसऱ्या खोलीत ठेवावा लागतो. या हाताचं नाव ‘ए’. शिवाय त्याच्याकडे दोन छोटी रजिस्टरं आहेत, एक्स आणि वाय. त्यांतही एकेक आकडा मावतो, पण त्यांचं मुख्य काम मोजणं. झाली सगळी मालमत्ता.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ‘हातात घेतला’ म्हटलं तरी पहिली खोली रिकामी होत नाही. फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं तर फळा कुठे पुसला जातो? तसंच हे. पण ज्या खोलीत आपण ठेवतो, तिथला जुना आकडा मात्र कायमचा जातो. हे विसरलात तर काय फजिती होते ते पुढे येईलच.

समजा, एका मजल्यावरचे सगळे २५६ आकडे दुसऱ्या मजल्यावर उतरवायचे आहेत. असेंब्ली भाषेत हे असं लिहितात :

एलडीएक्स #००
पुन्हा: एलडीए जुनं,एक्स
एसटीए नवं,एक्स
आयएनएक्स
बीएनई पुन्हा

घाबरू नका, एकेक ओळ फोडू. पहिली ओळ : एक्समध्ये शून्य घाल. (ते # चिन्ह म्हणजे ‘ही खोली नव्हे, हा आकडाच’.) दुसरी : ‘जुनं’ या पत्त्यापासून एक्स इतक्या खोल्या पुढे जा आणि तिथला आकडा ए मध्ये घे. तिसरी : ‘नवं’ या पत्त्यापासून तितक्याच खोल्या पुढे जाऊन तो ठेव. चौथी : एक्समध्ये एक मिळव. पाचवी : उत्तर शून्य आलं नसेल तर ‘पुन्हा’ या खुणेकडे परत जा.

थांबा! एकेक मिळवत गेल्यावर उत्तर शून्य कसं येईल? स्कूटरचा किलोमीटरचा काटा पाहिलाय? ९९९९९ नंतर तो पुन्हा ००००० होतो. एक्समध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात, त्यात एक मिळवला की तो गुपचूप शून्यावर येतो. म्हणजे बरोबर २५६ फेऱ्या झाल्या की काम आपोआप थांबतं. मला ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरभर फिरलो होतो.

आता हिशेब. एलडीएला ४ ठोके लागतात, एसटीएला ५, आयएनएक्सला २ आणि मागे उडी मारणाऱ्या बीएनईला ३. एकूण १४. आकडा घेताना पहिला मजला संपून दुसरा सुरू झाला, तर एलडीए आणखी एक ठोका खातो. जिना चढायचा असतो ना! आपण मजल्याच्या सुरुवातीपासूनच सुरू करू, म्हणजे तो प्रश्न नको. २५६ गुणिले १४ म्हणजे ३५८४ ठोके. सेकंदाच्या ५०० व्या भागात काम फत्ते. भरपूर वेग झाला की! मग अंधार कशाला?

कारण चित्र या इमारतीत राहतच नाही.

पडद्यावरचं चित्र रंगवायला यंत्रात एक वेगळी चिप आहे. तिला पीपीयू म्हणतात. आपण चित्रकार म्हणू. या चित्रकाराची स्मृती वेगळी, इमारत वेगळी. पडद्यावर आडवे ३२ आणि उभे ३० असे छोटे चौकोन असतात, म्हणजे ९६० चौकोन. कुठल्या चौकोनात कोणतं चित्र, वीट की ढग की झुडूप, याचा एकेक आकडा. शिवाय रंगांसाठी ६४ आकडे. एका पडद्याचे झाले १०२४ बाइट. ते सगळे चित्रकाराच्या इमारतीत. आणि मेंदूला त्या इमारतीत पाऊल ठेवायला बंदी!

मग निरोप द्यायचा कसा? एका खिडकीतून. पोस्टात कशी खिडकी असते आणि आत कारकून बसलेले असतात, तशी. मेंदूच्या बाजूनं त्या खिडकीचे पत्ते आहेत २००६ आणि २००७. २००६ वर आधी मजला सांगायचा, मग खोली. आणि २००७ वर आकडा द्यायचा. कारकून तो आकडा त्या खोलीत ठेवतो आणि आपण न सांगता पुढच्या खोलीपाशी जाऊन उभा राहतो. हुशार आहे. पण विसरभोळाही आहे. मजला ऐकला की खोली ऐकायची राहिली, याचा त्याचा घोळ होऊ शकतो. म्हणून आधी २००२ हा पत्ता एकदा वाचायचा, म्हणजे तो नव्यानं कान टवकारतो :

एलडीए २००२
एलडीए #२०
एसटीए २००६
एलडीए #००
एसटीए २००६

झालं, कारकून २००० क्रमांकाच्या खोलीसमोर उभा. चित्राचा वरचा डावा कोपरा इथून सुरू होतो. यापुढे मघाचीच फेरी, फक्त ‘नवं,एक्स’च्या जागी २००७ लिहायचं. इथं मोजणी करावी लागत नाही, त्यामुळे एसटीएचा एक ठोका वाचतो आणि बाइटमागे १३ ठोके पडतात.

या कारकुनाला आणखी एक सवय लावता येते. एकेक खोली पुढे जाण्याऐवजी ३२-३२ खोल्या उडी मारत जा, असं त्याला सांगता येतं. ३२ च का? विचार करा बरं. एका ओळीत ३२ चौकोन आहेत. ३२ खोल्या पुढे म्हणजे बरोबर खालच्या ओळीतला चौकोन! मारिओसारखा गडी उजवीकडे धावत सुटला की पडद्याच्या कडेला नव्या विटा, नवे पाइप उगवत जातात ना? अशा खेळात ती नवी उभी पट्टी या ३२ च्या उडीनं भरता येते. एका पट्टीत फक्त ३० आकडे, म्हणून धावता धावता भरून होते.

पण अजून एक अडचण आहे. खिडकी सतत उघडी नसते.

जुने डबा टीव्ही आठवतात? त्यात पडद्याच्या मागून एक किरण यायचा आणि वरून खाली एकेक ओळ रंगवत जायचा. सेकंदाला ६० वेळा! चित्रकाराला या किरणाबरोबर पळावं लागतं. या चौकोनात वीट, पुढच्यात ढग, असं पाहत तो आपल्या वहीतल्या खोल्यांवरून बोट फिरवत असतो. आणि गंमत म्हणजे, कारकुनाचं बोटही तेच! वेगळं बोट नाहीच. चित्र चालू असताना तुम्ही २००६ वर पत्ता सांगितलात की बोट भलतीकडे सरकतं आणि पडद्यावर चित्राचा चिवडा होतो.

मग काम करायचं केव्हा? किरण तळाशी पोचला की त्याला पुन्हा वर जावं लागतं. तेवढ्या वेळात चित्रकार रिकामा असतो. शाळेत दोन तासांच्या मध्ये, गणिताच्या बाई गेल्या आणि इतिहासाचे सर अजून यायचेत, तेवढ्यात मॉनिटर पळत जाऊन फळा पुसतो, तसं. ही फट आहे सुमारे २२७३ ठोक्यांची. सेकंदाचा जेमतेम ८०० वा भाग.

आता करा हिशेब. पडद्यावर हलणारी जी पात्रं असतात, मारिओ, कासवं, गोळ्या, त्यांची यादी निराळी असते. जास्तीत जास्त ६४ तुकडे आणि प्रत्येकाचे ४ बाइट : उंची, चित्राचा क्रमांक, रंग वगैरे आणि आडवी जागा. ६४ चोक २५६. ही यादी दर चित्राला नवी द्यायची. १३ ठोक्यांच्या फेरीनं दिली तर २५६ गुणिले १३, म्हणजे ३३२८ ठोके. आणि फट आहे २२७३ ची! म्हणजे नुसती पात्रांची यादी देता देताच घंटा होणार. पार्श्वभूमी राहिली बाजूलाच.

यंत्र बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी आत एक हमाल ठेवून दिलाय. ४०१४ या पत्त्यावर फक्त मजल्याचा आकडा लिहायचा. ०२ लिहिलं की हमाल मेंदूला म्हणतो, ‘तू जरा बाजूला हो.’ मेंदू थांबतो. हमाल दुसऱ्या मजल्यावरचे २५६ च्या २५६ आकडे उचलून चित्रकाराकडे पोचवतो. एक ठोका वाचायला, एक ठेवायला आणि सुरुवातीला एखाद-दुसरा दम घ्यायला, असे ५१३ किंवा ५१४ ठोके. कुठे ३३२८ आणि कुठे ५१३! इतर रजिस्टरांना न शिवता परस्पर नकल करण्याच्या या पद्धतीला डीएमए म्हणतात.

२२७३ मधून ५१३ गेले, उरले १७६०. १३ नं भागा. १३५ च्या आसपास बाइट, तेही काठोकाठ. फेरी न घालता ‘घे, ठेव, घे, ठेव’ अशा ओळीच ओळी लांबलचक लिहिल्या तर मोजणं आणि उडी मारणं वाचतं, बाइटमागे ८ च ठोके लागतात आणि २२० पर्यंत मजल जाते. पण मग प्रत्येक जोडीला कॅसेटमधले ६ बाइट खर्ची पडतात. वेळ वाचवावा तर जागा जाते. ४० किलोबाइटमध्ये अख्खा खेळ बसवणाऱ्यांना हा व्यवहार किती वेळा घासाघीस करून करावा लागला असेल!

आणि आता वाईच्या मैत्रिणीचा प्रश्न. पातळी बदलली, म्हणजे अख्खा पडदा नवा. १०२४ बाइट. १३५-१३५ करून द्यायचे तर आठ फटी लागतील आणि तेवढा वेळ पडद्यावर अर्धी जुनी पातळी, अर्धी नवी असं ध्यान दिसेल. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे चित्रकारालाच सांगायचं, ‘बाबा रे, थोडा वेळ काही रंगवू नकोस.’ २००१ या पत्त्यावर एक आकडा लिहिला की त्याचं रंगवणं बंद. पडद्यावर एकच रंग उरतो, बहुतेक खेळांत काळा. चित्रकार मोकळा, बोट मोकळं, खिडकी सताड उघडी! १०२४ गुणिले १३ म्हणजे १३३१२ ठोके. सेकंदाच्या १३० व्या भागाहूनही कमी वेळात पडदा भरतो. मग अंधार त्याहून जास्त वेळ का दिसतो? कारण नवी पातळी कॅसेटमध्ये आवळून, घडी घालून ठेवलेली असते. तिची घडी उलगडायची, रंग भरायचे, शत्रू जागेवर बसवायचे, हे सगळं त्याच वेळात चालतं. काही खेळांत काळ्या पडद्यावर पातळीचा आकडा दिसतो. तो तर तुम्हाला वाचता यावा म्हणून मुद्दाम रेंगाळलेला असतो.

एक चलाख वाचक लगेच हात वर करील, ‘एक्समध्ये २५५ च मावतात, मग १०२४ कसे मोजले?’ बरोबर! तीच फेरी चार वेळा, दर वेळी एक मजला चढून. किंवा मजल्याचा आकडाच शून्याव्या मजल्यावरच्या एका खोलीत लिहून ठेवायचा आणि २५६ फेऱ्या झाल्या की त्यात एक मिळवायचा. दुसऱ्या पद्धतीत वाय कामाला येतो आणि आकडा घ्यायला एक ठोका जास्त लागतो.

आता फजितीची गोष्ट. मी या चिपसाठी पहिला खेळ लिहिला तो सापाचा. मैदान १६ बाय १६ चौकोनांचं, म्हणजे २५६. साप दहा तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा कुठल्या चौकोनात आहे तो आकडा ओळीनं दहा खोल्यांत. पहिली खोली डोक्याची. साप पुढे सरकतो तेव्हा काय होतं? प्रत्येक तुकडा आपल्या पुढच्याच्या जागी येतो. म्हणजे यादीतला प्रत्येक आकडा पुढच्या खोलीत उतरवायचा आणि डोक्याच्या खोलीत नवी जागा लिहायची. सोपं! मी पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. खेळ चालू केला आणि पहिल्याच पावलाला माझा दहा तुकड्यांचा साप दोन तुकड्यांचा झाला.

दीड दिवस डोकं खाजवलं. जॉयस्टिक तपासली, चित्रं तपासली. चूक काय असेल? पुढे वाचण्याआधी कागदावर पाच चौकोन काढा आणि त्यात क, ख, ग, घ, च लिहा. आता डावीकडून सुरू करा. पहिल्यातलं अक्षर दुसऱ्यात लिहा, तिथलं जुनं खोडा. मग दुसऱ्यातलं तिसऱ्यात. मग तिसऱ्यातलं चौथ्यात...

क, क, क, क, क! दिसलं? ‘ख’ला हात लावायच्या आधीच आपण त्याच्यावर ‘क’ गिरवून बसलो. सापाचे नऊच्या नऊ तुकडे एकाच चौकोनात एकमेकांच्या डोक्यावर उभे होते.

वर्गात बाई जेव्हा ‘सगळे एकेक बाक मागे सरका’ म्हणतात, तेव्हा पहिल्या बाकावरच्यानं उठून काय उपयोग? त्याला बसायला जागाच नाही. आधी शेवटच्यानं उठायचं. इथंही तेच. शेपटीकडून सुरुवात :

एलडीएक्स #०९
पुन्हा: एलडीए साप-१,एक्स
एसटीए साप,एक्स
डीईएक्स
बीएनई पुन्हा

डीईएक्स म्हणजे एक्समधून एक वजा कर. नवव्या खोलीत आठवीतलं, आठवीत सातवीतलं, असं करत एक्स शून्य झाला की थांब. कागदावर हेही करून पाहा : क, क, ख, ग, घ. उरलेल्या पहिल्या ‘क’वर डोक्याची नवी जागा लिहायची. वस्तू वरच्या क्रमांकांकडे सरकवायची असेल तर वरून सुरुवात करा, खालच्या क्रमांकांकडे न्यायची असेल तर खालून. आणि दोन्ही जागा एकमेकींवर येतच नसतील तर कुठूनही करा.

या चुकीचा कुणी फायदाही करून घ्यावा? सेगा मास्टर सिस्टीम नावाच्या व्हिडिओ गेममध्ये झेड-८० ही निराळी चिप आहे. तिच्याकडे एलडीआयआर नावाची एकच आज्ञा अख्खी ओळच्या ओळ उतरवते, बाइटमागे २१ ठोके घेऊन. एका खोलीत शून्य ठेवायचं आणि या आज्ञेला ‘प्रत्येक आकडा पुढच्या खोलीत उतरव’ म्हणून सांगायचं. ते शून्य पुढे पुढे सांडत जातं आणि सगळ्या खोल्या कोऱ्या! माझ्या सापाला मारणारी चूक तिथं झाडूचं काम करते.

जाता जाता गेम बॉयची गंमत सांगतो. १९८९ मध्ये आलेल्या या हातातल्या यंत्रातली चिप झेड-८० च्या नात्यातली आहे, पण तिला ही एलडीआयआर आज्ञा दिलेलीच नाही. हमाल मात्र आहे. तो ४० पात्रांचे १६० बाइट वाहून नेतो. तेवढ्या वेळात मेंदूला मोठ्या इमारतीत वावरायला बंदी. त्याला फक्त १२७ खोल्यांच्या एका छोट्या खोपटात जायची परवानगी. आता पेच बघा. मेंदूला पुढची आज्ञा वाचायला तरी स्मृती लागतेच ना! आज्ञा तर कॅसेटमध्ये आणि कॅसेट बंद. म्हणून खेळ सुरू होतानाच ‘हमालाला बोलाव आणि तो येईपर्यंत थांब’ हा जेमतेम १० बाइटांचा प्रोग्राम कॅसेटमधून त्या खोपटात उतरवून ठेवतात. म्हणजे नकल करण्याच्या आज्ञांचीच आधी नकल!

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांना हे सगळं स्वतः करून पाहता येतं. असेंब्लीचं रूपांतर करणारा सीए-६५ आणि फॅमिकॉमचं सोंग घेणारा मेसेन, हे दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. मेसेनमध्ये प्रत्येक खोलीतला आकडा बदलताना डोळ्यांनी दिसतो. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी चौकटीची वही घ्या. माझा साप शेवटी मी वहीतच दुरुस्त केला होता.

या वेळचं कोडं : एका खोलीत दूध आहे, दुसरीत ताक. दोन्हींची अदलाबदल करायची आहे. दोन पेल्यांची करायची तर तिसरा पेला लागतो, पण इथं तिसरी खोली वापरायची नाही. ६५०२ च्या चार आज्ञांत हे जमतं. सूचना एवढीच देतो की, एक्सला नुसतं मोजताच येतं असं समजू नका. उत्तर पुढच्या अंकात.